हत्थक आळवक आणि कर्मवीर दादासाहेब : आपल्या गौरवलेखनाविषयी

आपल्या चळवळीत स्मरणिका आणि गौरवग्रंथ पुष्कळ निघतात, आणि ते निघावेत असेच आमचे मत आहे. ज्या समाजाची नोंद इतरांनी ठेवली नाही त्याने ती स्वतःच ठेवली पाहिजे. तथापि हे लेखन वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. 'निष्ठावंत', 'लढवय्ये', 'त्यागमूर्ती' ही विशेषणे एकाच्या नावापुढून काढून दुसऱ्याच्या नावापुढे ठेवली तरी लेख बिघडत नाही. असे असेल तर त्या लेखात ती विशिष्ट व्यक्ती नाहीच, असे म्हणणे भाग आहे.

उपासकाचा गौरव कसा करावा याचा एक जुना नमुना अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात आहे. आळवी नगरीचा हत्थक हा श्रद्धा, शील, हिरी, ओत्तप्प, बहुश्रुतता, त्याग आणि प्रज्ञा या सात गुणांनी युक्त आहे असे भगवंतांनी भिक्खूंना सांगितले. एका भिक्खूने हत्थकाच्या घरी जाऊन ही प्रशंसा त्याच्या कानी घातली. तेव्हा हत्थकाने आनंद व्यक्त करण्याऐवजी विचारले की, त्या वेळी तेथे कोणी गृहस्थ उपस्थित नव्हता ना? नव्हता, हे कळल्यावर त्याला बरे वाटले. भगवंतांनी हे ऐकून अल्पेच्छता हा आठवा गुण त्यात जोडला. स्तुती होत असताना ती कोणी ऐकली तर नाही ना, याची काळजी करणारा हा उपासक आमच्या व्यासपीठांवर क्वचितच आढळेल. पण तो विषय येथे नको.

लगतच्या सुत्तात भगवंत त्यालाच विचारतात की, पाचशे उपासकांची ही मोठी परिषद तू कशी सांभाळतोस? हत्थक चार संगहवत्थू सांगतो : दान, पेय्यवज्ज म्हणजे प्रिय वचन, अत्थचरिया म्हणजे हिताचे आचरण, आणि समानत्तता म्हणजे बरोबरीने वागणे. ज्याला ज्याने जोडता येईल त्याला त्याने जोडतो. आणि पुढे प्रांजळपणे सांगतो की, माझ्या घरी संपत्ती आहे. दरिद्री माणसाचे लोक असे ऐकत नाहीत. ही कबुली सुत्ताने गाळलेली नाही.

नाशिकचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड (1902–1971) यांच्यावरील लेखन या सुत्ताजवळ ठेवून वाचावे, असे आम्हास वाटते. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावच्या या माणसाच्या घरी हत्थकाची संपत्ती नव्हती. तरीही लोकांनी त्यांचे ऐकले. का ऐकले, हाच खरा चरित्राचा प्रश्न होय. आणि नेमका तोच विशेषणांखाली झाकला जातो.

2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि सत्याग्रह समितीचे चिटणीस या नात्याने तो चालता ठेवण्याचा भार भाऊरावांवर आला. पहिल्या दिवसाचे वर्णन सर्वत्र सापडते : मिरवणूक, बंद दरवाजे, गोदेचा घाट, आणि दुसऱ्या दिवशी दारांशी बसलेली स्त्री-पुरुषांची पहिली तुकडी. परंतु सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता. तो वर्षानुवर्षे चालला, आणि दार उघडले नाही. येत्या रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा काय, असे भाऊरावांनी विचारले असता बाबासाहेबांनी 3 मार्च 1934 च्या पत्रात तो कायमचाच थांबवावा असे कळविले. लोकांना मूर्तिपूजक बनविण्यासाठी हा लढा नव्हता, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी यासाठी होता, आणि ते काम झाले आहे, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे पत्र अभ्यासक नेहमी बाबासाहेबांच्या विचारांचा टप्पा म्हणून वाचतात, आणि ते योग्यच आहे. पण पत्र ज्याला आले त्याच्या बाजूने ते आम्ही फारसे कधी वाचलेले नाही. ज्यांना आपण दाराशी बसविले, ज्यांनी मार खाल्ला आणि तुरुंग पाहिला, त्यांना आता उठा असे सांगावयाचे होते. आणि ते उठूनही चळवळीतच राहतील हे पाहावयाचे होते. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, त्याच जिल्ह्यातील येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली तेव्हा नाशिकचे लोक पांगलेले नव्हते. हे प्रिय वचनाने झाले, हिताच्या आचरणाने झाले की बरोबरीच्या वागण्याने? आमचा कल समानत्ततेकडे आहे. धोतर नेसणारा, खेड्याच्या बोलीत बोलणारा हा नेता खासदार झाल्यावरही लोकांना परका वाटला नाही.

मात्र याच गुणाची दुसरी बाजू गौरवलेखक टाळतात. रिपब्लिकन पक्षात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे तट पडले तेव्हा शिकलेले शहरी कार्यकर्ते आणि खेड्यातील कार्यकर्ते यांच्यातील अंतरही त्यात होते, आणि दादासाहेब एका तटाचे नेते होते. पुढे त्यांनी काँग्रेसशी केलेला समझोता अनेकांना रुचला नाही. हे लिहिल्याने अनादर होतो, ही समजूत आम्हास मान्य नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात पहिल्या संगीतीच्या वेळी स्थविरांनी आनंदावर ठेवलेले दोषारोप जसेच्या तसे नोंदले आहेत, आणि मला यात दोष दिसत नाही, तरी आपल्यावरील श्रद्धेने मान्य करतो, हे त्याचे उत्तरही. म्हणून आनंदाची थोरवी कमी झाली काय?

भूमिहीनांच्या सत्याग्रहाबाबत तर ही उणीव अधिक जाणवते. 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक मोठ्या संख्येने तुरुंगात गेले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या, मग तो कोणत्याही जातीचा असो, ही मागणी होती. आमच्या मते अत्थचरियेचा याहून स्पष्ट अर्थ आधुनिक काळात कोणी करून दाखविलेला नाही. महाराष्ट्र शासनाने 2004 मध्ये त्यांच्या नावाने योजना काढली. तीत खाजगी जमीन विकत घेऊन भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. योजनेचे आम्ही स्वागतच करतो. पण विकणारा मिळाला तर जमीन मिळेल ही व्यवस्था, आणि सरकारी पडीक जमिनीवर भूमिहीनाचा हक्क आहे हे म्हणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. योजनेच्या नावाने दादासाहेबांचे स्मरण करणाऱ्या लेखांत हा भेद आम्ही शोधला, तो आढळला नाही.

1964 च्या सत्याग्रहात जे विशीत होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. पुढील स्मरणिकेच्या संपादकांनी व्यासपीठावरील वक्त्यांऐवजी आधी त्यांच्याकडे जावे. त्यांना दादासाहेब कसे थोर होते हे विचारू नये. तुरुंगात जाताना घरी कोण होते, गुरे कोणाकडे सोपविली, सुटून आल्यावर जमीन मिळाली काय आणि कोणाच्या नावे झाली, हे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.