दुधातले जिवाणू की दुधातले फ्लोराइड?

प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवाणू, दिले की लहान मुलांचे दात किडत नाहीत, असे म्हणणारे मुख्यतः दोन प्रयोगांकडे बोट दाखवतात. उद्या हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या पालकाने अशा महागड्या गोळ्या घ्याव्यात का असे बाईंना विचारले, तर काय सांगावे? आम्ही ते प्रयोग पुन्हा वाचले.

पहिला फिनलंडचा, २००१ साली प्रसिद्ध झालेला. हेलसिंकीच्या पाळणाघरांतील १ ते ६ वर्षांच्या ५९४ मुलांना सात महिने दूध दिले. एका गटाच्या दुधात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा एक वाण होता. त्या गटात किडीचा धोका कमी आढळला. 'धोका' हा शब्द लक्षात ठेवावा. दातांची तपासणी आणि तोंडातील कीडकारक जिवाणूंचे प्रमाण एकत्र करून तो काढला होता.

दुसरा स्वीडनचा, २००९ सालचा. १ ते ५ वर्षांची २४८ मुले, २१ महिने. किडीची वाढ ७५ टक्के कमी! पण त्या दुधात जिवाणूंबरोबर लिटरला २.५ मिलिग्रॅम फ्लोराइडही होते, आणि दुसऱ्या गटाला नुसते साधे दूध. वसमतच्या शेतकऱ्याने हळदीला नवे बेणे आणि नवे खत एकाच हंगामात वापरले, तर वाढलेल्या उताऱ्याचे श्रेय तो एकट्या बेण्याला देईल काय? नुसते फ्लोराइड घातलेल्या दुधाचा तिसरा गट हवा होता. तो नसताना ७५ टक्के हा आकडा जिवाणूंच्या नावावर मांडणे आम्हांला मान्य नाही.

गंमत अशी, की लॅक्टोबॅसिलस स्वतःच आम्ल तयार करतात. पूर्वी लाळेतील त्यांच्या संख्येवरूनच दंतवैद्य किडीचा अंदाज बांधत! तेव्हा एका वाणाचा गुण साऱ्या कुळाला लावता येत नाही, घरच्या दह्यालाही नाही. दही खावे, पण अन्न म्हणून.

फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा पुरावा मात्र भक्कम आहे. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. रात्री झोपताना पालकांनी स्वतः दात घासून द्यावेत. बिस्किटे आणि गोड चहा दिवसातून किती वेळा होतो, हेही विचारावे.

फ्लोराइडचे दूध मात्र येथे घाईने आणू नये. हातपंपाच्या पाण्यातले फ्लोराइड गावागणिक बदलते. ते लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर वाढत्या दातांवर डाग पडण्याची भीती असते. म्हणून आधी पाणी तपासून घ्यावे.