रक्ताची साक्ष : हार्डकोअर व्यावसायिक कुस्तीच्या आकर्षणाची आणि धोक्याची मीमांसा

प्रस्तावना

'कुस्ती' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात लाल मातीचा आखाडा, हलगीचा नाद आणि कोल्हापूरचे खासबाग मैदान उभे राहते. प्रस्तुत लेखात जिचा विचार करावयाचा आहे ती कुस्ती याहून सर्वस्वी निराळी आहे. अमेरिका, जपान, मेक्सिको आदी देशांत 'प्रोफेशनल रेसलिंग' या नावाने ती चालते आणि १९९० नंतरच्या दशकात केबल दूरचित्रवाणीमुळे ती आपल्याकडील घरांतही पोहोचली. या प्रकारात विजेता आधीच ठरलेला असतो, डाव परस्परांच्या सहकार्याने टाकले जातात आणि मल्ल हा एकाच वेळी नट व कसरतपटू असतो. याच प्रकाराची एक टोकाची शाखा 'हार्डकोअर' वा 'डेथमॅच' या नावाने ओळखली जाते. तिच्यात काटेरी तारा, लोखंडी खुर्च्या, टाचण्या, काचेच्या ट्यूबलाइट, आग आणि स्फोटके यांचा सर्रास वापर होतो. तेथे वाहणारे रक्त बहुधा खरेच असते.

या शाखेविषयी सामान्यतः दोन मते मांडली जातात. 'हे सारे खोटे आहे' हे पहिले, आणि 'हा निव्वळ रानटीपणा आहे' हे दुसरे. पहिल्या मताला मल्लाच्या अंगावरील व्रणांचे स्पष्टीकरण देता येत नाही. दुसऱ्या मताला, सुजाण व सहृदय माणसेही हा खेळ निष्ठेने का पाहतात, हे सांगता येत नाही. म्हणून येथे दोन प्रश्नांचा विचार केला आहे. निकाल ठरलेला आहे हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला खरे रक्त का हवेसे वाटते? आणि ते रक्त मल्लाला असलेल्या खऱ्या धोक्याची साक्ष देते काय?

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या विषयाच्या दृष्टीने १९८९ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने आपला व्यवसाय ही क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन आहे, अशी भूमिका मांडली. क्रीडा मंडळाची देखरेख आणि कर यांतून सुटका व्हावी हा त्यामागील हेतू होता. निकाल ठरलेले असतात हे प्रेक्षकांना पूर्वीही ठाऊक होते. परंतु उघड गुपित आणि अधिकृत कबुली यांत फरक असतो. या कबुलीनंतर 'खरे काय' हा प्रश्न रिंगणातील शरीरावर येऊन ठेपला.

योगायोगाने त्याच वर्षी जपानमध्ये अत्सुशी ओनिता या मल्लाने 'फ्रंटियर मार्शल आर्ट्स रेसलिंग' ही संस्था तुटपुंज्या भांडवलावर उभी केली. मोठ्या संस्थांजवळ असलेले नामांकित मल्ल आणि दूरचित्रवाणीचे करार तिच्याजवळ नव्हते. प्रेक्षक खेचण्यासाठी ओनिताने धोका हेच भांडवल केले. ४ ऑगस्ट १९९० रोजी तोक्योत टार्झन गोतोविरुद्ध झालेल्या लढतीत त्याने स्फोटके जोडलेल्या काटेरी तारांचा वापर केला. मे १९९२ मध्ये दोरांना आग लावून घेतलेल्या एका लढतीत ज्वाळा आटोक्याबाहेर गेल्या आणि 'द शीक' हा वयोवृद्ध अमेरिकी मल्ल गंभीररीत्या भाजला. तथापि हा मार्ग बंद झाला नाही. ५ मे १९९३ रोजी कावासाकी येथील स्टेडियममध्ये ओनिता आणि ४८ वर्षांचा टेरी फंक यांची लढत वेळ लावलेल्या स्फोटांसह झाली. २० ऑगस्ट १९९५ रोजी त्याच स्टेडियममध्ये दुसऱ्या एका संस्थेने 'किंग ऑफ द डेथमॅच' ही स्पर्धा भरविली. तिच्या अंतिम लढतीत 'कॅक्टस जॅक' या नावाने खेळणाऱ्या मिक फोलीने फंकला हरविले.

अमेरिकेत या शैलीचे केंद्र फिलाडेल्फिया ठरले. १९९४ साली तेथील एका प्रादेशिक संस्थेने 'एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग' हे नाव धारण केले. पॉल हेमन याच्या सूत्रचालनाखाली, एरवी बिंगोचा खेळ चालणाऱ्या सभागृहात तिचे सामने होत. २००१ मध्ये ही संस्था बुडाली. परंतु तिची भाषा मोठ्या संस्थांनी उचलली होती आणि १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'कॉम्बॅट झोन रेसलिंग'सारख्या लहान संस्थांनी ती अधिक रक्तरंजित केली. तात्पर्य, हार्डकोअर शैलीचा उगम केवळ क्रौर्याच्या आवडीत शोधणे पुरेसे नाही. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी शरीर खर्ची घातले, हे तिचे आर्थिक मूळ ध्यानात घ्यावे लागते.

आकर्षणाची मीमांसा

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात व्यावसायिक कुस्तीवर एक निबंध लिहिला आहे. कुस्तीच्या प्रेक्षकाला कोण जिंकेल याची चिंता नसते, त्याला वेदना, पराभव व न्याय यांची ठळक चिन्हे पाहावयाची असतात, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. बार्थच्या मल्लाची वेदना हे चिन्ह होते. ती खरी असण्याची गरज नव्हती. हार्डकोअर कुस्तीने नेमकी हीच अट बदलली. येथे वेदनेचे चिन्ह आणि वेदना एकत्र येतात. ट्यूबलाइट फुटते तेव्हा पांढरी भुकटी उडते, मोठा आवाज होतो आणि पाठीवर खरोखरच काचेचे ओरखडे उठतात. 'एवढे तरी खोटे नाही' असे म्हणण्याची सोय प्रेक्षकाला मिळते. पहिले आकर्षण या पुराव्याचे आहे.

दुसरे आकर्षण सामान्य देहाचे आहे. १९८० च्या दशकात अमेरिकी कुस्तीचा नायक पिळदार व घोटीव शरीराचा असे. हार्डकोअरचा नायक मात्र अनेकदा सुटलेल्या पोटाचा, ढगळ कपड्यांतला, गल्लीत भेटेल असा माणूस असतो. फोली हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्याजवळ रूप नव्हते. सोसण्याची तयारी होती. श्रमाने थकलेल्या प्रेक्षकाला सोसणे हाच पराक्रम मानणारा हा नायक आपला वाटला, यात नवल नाही.

तिसरे आकर्षण सहभागाचे आहे. फिलाडेल्फियातील काही लढतींत प्रेक्षकांनी घरून शस्त्रे आणावीत असा प्रघात होता आणि लोक तव्यांपासून खेळण्यांपर्यंत हाती लागेल ते घेऊन येत. आपण आणलेल्या वस्तूने मल्ल मार खातो, हे पाहण्यात एक विलक्षण जवळीक असते. मात्र याच जवळिकीत प्रेक्षकाच्या जबाबदारीचा प्रश्नही दडलेला आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा पेच अधिक स्पष्ट होतो. भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध, मृत्यू यांसारखे प्रसंग अंकात प्रत्यक्ष न दाखविता सूचित करण्याचा दंडक सांगितला. रौद्र व बीभत्स हेही रसच आहेत. परंतु त्यांचा आस्वाद घेण्यासाठी ते लौकिक व्यवहारापासून विलग व्हावे लागतात. रंगभूमीवरील जखम खरी ठरली की सहृदय प्रेक्षक साक्षीदार बनतो. हार्डकोअर कुस्ती प्रेक्षकाला एकाच वेळी या दोन्ही भूमिकांत उभे करते. तिची मोहिनी या द्विधा अवस्थेत आहे आणि तिची नैतिक अडचणही तेथेच आहे.

धोक्याची मीमांसा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. रक्त ही साक्ष कितपत विश्वसनीय आहे? कुस्तीच्या व्यवसायात मल्ल पात्याचा लहान तुकडा लपवून स्वतःच्या कपाळाला चीर देतो. कपाळावरील रक्तवाहिन्यांमुळे उथळ चिरेतूनही भरपूर रक्त येते आणि घामात मिसळून ते अधिकच भयंकर दिसते. म्हणजे जे सर्वांत भीषण दिसते ते पुष्कळदा सर्वांत गंभीर नसते. याउलट मेंदूला बसणारा हादरा आणि मणक्याची झीज यांचे कोणतेही दृश्य चिन्ह नसते.

२८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे अंडरटेकरने फोलीला सुमारे १६ फूट उंचीच्या पिंजऱ्यावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकले. हे दृश्य आजही वारंवार दाखविले जाते. ही पडझड ठरलेली होती. त्यानंतर पिंजऱ्याचे छत तुटून फोली थेट रिंगणात आदळला, ते मात्र तसे ठरलेले नव्हते. त्याच्यामागोमाग खुर्चीही तोंडावर पडली आणि त्याची शुद्ध हरपली. प्रेक्षकांच्या स्मरणात पहिली पडझड अधिक ठसली. जीव धोक्यात आला तो दुसऱ्या वेळी.

जपानमधील हायाबुसा या मल्लाचे उदाहरण याहून बोलके आहे. काटेरी तारा व स्फोट यांसाठी गाजलेल्या ओनिताच्याच संस्थेचा तो पुढील काळातील नायक. २२ ऑक्टोबर २००१ रोजी एका साध्या लढतीत दोरावरून उलटी उडी घेताना त्याचा पाय निसटला, तो डोक्यावर पडला आणि त्याला पक्षाघात झाला. २०१६ मध्ये त्याचे निधन झाले. ज्या संस्थेने धोक्याचीच जाहिरात केली तिचा सर्वांत मोठा अपघात जाहिरात न केलेल्या क्षणी घडला. २००७ साली पत्नी व मुलाची हत्या करून आत्महत्या करणाऱ्या ख्रिस बेन्वा याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या आघातांमुळे झालेली गंभीर हानी आढळली. त्या कृत्याचे कारण एवढेच होते असे म्हणता येणार नाही. परंतु बेन्वा हा डेथमॅचचा मल्ल नव्हता, तंत्रशुद्ध मल्ल म्हणून त्याची ख्याती होती, हे विसरता कामा नये. त्याच्या लढतींचे कौतुक करणाऱ्यांना धोका दिसलाच नव्हता.

याचा अर्थ दृश्य जखमा निरुपद्रवी असतात असा नाही. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस येथे निक गेजविरुद्ध लढताना अभिनेता डेव्हिड आर्केट याच्या मानेत फुटलेल्या ट्यूबलाइटची काच घुसली. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका तर लढत संपल्यावरही उरतो. अब्दुल्ला द बुचर या मल्लाने पात्याच्या वापरातून सहकारी मल्लाला हेपॅटायटिस सीची बाधा केली, असे ओंटारिओच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले आणि सुमारे २३ लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला.

संमतीचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. 'मल्ल स्वखुशीने हे करतो' असा युक्तिवाद नेहमी केला जातो. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील रिव्हिअर येथे वय व प्रशिक्षण यांविषयी खोटे सांगून रिंगणात उतरलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या कपाळावर न्यू जॅक या मल्लाने खोल वार केला. चीर देण्यास मुलाने होकार दिला होता, या मुद्द्याला खटल्यात महत्त्व आले आणि न्यू जॅक निर्दोष सुटला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपले. परंतु वयाची, प्रशिक्षणाची, प्रकृतीची तपासणी करणारे कोणीही तेथे नसावे, हीच या व्यवसायाच्या मोकळिकीची किंमत होय. अमेरिकेत मल्ल सामान्यतः स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात. त्यामुळे उपचारांचा व उतारवयाचा भार बहुधा त्यांच्याच शिरावर पडतो. डॅरेन अॅरोनॉफ्स्की याच्या 'द रेसलर' (२००८) या चित्रपटातील वृद्ध नायक हार्डकोअर लढतीनंतर कोसळतो, तो याच एकाकीपणात.

प्रेक्षकाची भूमिका

बॅरी ब्लॉस्टाइन याच्या 'बियाँड द मॅट' (१९९९) या माहितीपटात जानेवारी १९९९ मधील एक लढत आहे. हात मागे बेड्यांनी बांधलेल्या फोलीच्या डोक्यावर द रॉक एकामागून एक खुर्चीचे तडाखे घालतो. पुढच्या रांगेत बसलेली फोलीची पत्नी व लहान मुले रडू लागतात. पुढे दिग्दर्शकाने हे चित्रण दाखविले तेव्हा फोली अस्वस्थ झाला. तडाखे सोसताना त्याला जे जाणवले नव्हते ते मुलांचे चेहरे पाहून जाणवले. रक्ताने न दिलेली साक्ष मुलांच्या रडण्याने दिली.

याउलट घटना ७ मार्च २०२१ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे घडली. जॉन मॉक्सली व केनी ओमेगा यांच्या लढतीअखेर मोठा स्फोट व्हावयाचा होता. प्रत्यक्षात फुलबाज्यांसारख्या ठिणग्या उडाल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. दोन मल्ल सुखरूप राहिले आणि प्रयोग फसला असे ठरले. तत्पूर्वी त्याच लढतीत काटेरी तारांनी दोघेही रक्तबंबाळ झाले होते. पण ते पुरेसे वाटले नाही. पुराव्याची सवय अशी असते. काल जो पुरावा होता तो आज केवळ संकेत उरतो आणि उद्या त्याहून अधिक काही मागितले जाते.

निष्कर्ष

१. हार्डकोअर कुस्तीचे आकर्षण केवळ क्रौर्यात नाही. खोटेपणाची कबुली दिलेल्या कलाप्रकारात खरेपणाचा पुरावा मागण्याची प्रेक्षकाची वृत्ती, सामान्य देहाचा गौरव आणि सहभागाचा आनंद यांतून ते निर्माण होते.

२. रक्त ही धोक्याची अपुरी साक्ष आहे. जे दिसते ते बहुधा त्वचेपुरते असते. मेंदू व मणका यांची हानी न दिसता साचत जाते. म्हणून 'रक्त कमी झाले म्हणजे खेळ सुरक्षित झाला' हे समीकरणही फसवे आहे.

३. डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या मोठ्या संस्थेने २०१० मध्ये डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी घातली. हे पाऊल योग्य दिशेचे होते, कारण ते रक्ताकडे न पाहता आघाताकडे पाहून उचलले गेले. लहान संस्थांच्या लढतींतही वयाची खातरजमा, रक्ततपासणी व वैद्यकीय उपस्थिती यांची सक्ती असावयास हवी.

४. या कलाप्रकाराचे कौतुक करणाऱ्या समीक्षकाने व प्रेक्षकाने 'किती सोसले' या निकषाचा फेरविचार केला पाहिजे. टेरी फंक किंवा फोली यांचे खरे कौशल्य प्रतिस्पर्ध्याला सांभाळून भीती उभी करण्यात होते. ते कौशल्य ओळखण्याइतकी दृष्टी प्रेक्षकाजवळ असेल, तर मल्लाला दरवेळी नवी जखम सादर करावी लागणार नाही.