रेल्वे संग्रहालये : पाहण्याची की समजून घेण्याची?

आमच्या परसात एक छोटी रेल्वे आहे. रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर, पेरूच्या झाडाला वळसा घालून परत येणारा मार्ग आणि गॅसच्या ज्योतीवर पाणी उकळून चालणारे वाफेचे इंजिन. हा छंद मुख्यतः ब्रिटनमध्ये वाढला. त्यातील एका प्रचलित पद्धतीत मूळच्या एका फुटाला १६ मिलिमीटर धरतात. म्हणजे प्रतिकृती मूळ गाडीच्या सुमारे एक एकोणिसांश होते. या छंदापायी, जुनी इंजिने जेथे जपली आहेत अशा ठिकाणी आम्ही आवर्जून जातो. ही ठिकाणे काय शिकवतात आणि काय शिकवायचे राहून जाते, याविषयी थोडे लिहावेसे वाटते. कारण शाळांच्या सहलीही संग्रहालयांत जातच असतात.

वेल्समधील फेस्टिनिओग रेल्वे १८३६ मध्ये सुरू झाली. डोंगरातल्या खाणींमधून पाटीचा दगड पोर्थमाडॉग बंदरात आणणे हे तिचे काम. मार्गाचा उतार असा बेतलेला होता, की भरलेले डबे गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली येत. घोडेही एका खास डब्यात उभे राहून खाली येत आणि रिकामे डबे ओढत वर नेत. वाफेची इंजिने १८६३ मध्ये आली. १९४६ मध्ये ही रेल्वे बंद पडली. स्वयंसेवकांनी १९५५ पासून टप्प्याटप्प्याने ती पुन्हा उभी केली आणि १९८२ मध्ये ब्लायनाय फेस्टिनिओगपर्यंत नेली. दगडाचे जुने डबे इंजिनाशिवाय उतरवण्याचे प्रात्यक्षिक तेथे अधूनमधून दाखवतात.

ते वाचून-पाहून आम्ही परसातही तसाच, म्हणजे साधारण ८० ते ९० मीटरला एक मीटर, उतार दिला. डबे जागचे हलेनात. ढकलले तर हातभर जाऊन थांबत. चूक आमच्या गृहीतकात होती. डबे आम्ही १९ पट लहान केले होते, पण रुळांवरची धूळ, सांध्यांतला उंचसखलपणा आणि आसाला लागलेले तेल लहान झालेले नव्हते. रुपयाच्या नाण्याएवढ्या चाकाला वाळूचा कण म्हणजे धोंडाच! उतार बराच वाढवला तेव्हा कुठे गाडी चालली.

बाष्पकाची गोष्टही अशीच. लांबी १९ पट कमी केली की पृष्ठभाग ३६१ पट आणि घनफळ ६८५९ पट कमी होते. उष्णता पृष्ठभागातून जाते, साठते मात्र घनफळात. त्यामुळे छोटा बाष्पक फार लवकर थंड होतो, आणि थंडीतल्या सकाळी आमचे इंजिन दम टाकते. मोठ्या बाष्पकात आगीचे गरम वायू पाण्यातून नेणाऱ्या अनेक नळ्या असतात. त्यांतील ५ सेंटिमीटर व्यासाची नळी आमच्या प्रमाणात अडीच मिलिमीटरची होईल. हवेचा चिकटपणा काही कमी होत नाही, म्हणून इतक्या अरुंद नळीतून वायू सहज वाहणार नाहीत. आमच्या इंजिनात त्यामुळे एकच रुंद नळी आहे.

या नळ्या प्रत्यक्ष पाहायच्या तर यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय गाठावे. ते १९७५ मध्ये उघडले. तेथे ‘मॅलार्ड’ हे १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर वेग गाठलेले इंजिन आहे आणि त्याच्याभोवती गर्दी होणारच. पण आमच्या मते शिक्षकाने मुलांना आधी न्यावे ते ‘एलरमन लाइन्स’ या इंजिनाकडे. त्याचा बाजूचा भाग कापून उघडा केला आहे. आग कुठे, पाणी कुठे, वाफ कोणत्या वाटेने सिलिंडरात जाते, हे न सांगता कळते.

अशी मांडणी विरळाच. आम्ही पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ताजा रंग दिलेले इंजिन कठड्याआड उभे असते आणि पाटीवर वर्ष, कारखाना, वजन व चाकांची संख्या असते. मुले ते वहीत उतरवतात. ‘असे का?’ हा प्रश्न पाटी विचारत नाही, म्हणून मुलेही विचारत नाहीत.

मग सर्व इंजिने चालवूनच दाखवावीत काय? आम्हाला तसे वाटत नाही. चालणारे इंजिन झिजते, त्याचे भाग बदलावे लागतात आणि मूळ कारागिरीचा पुरावा हळूहळू नाहीसा होतो. उलट, धावत्या गाडीतला प्रवासी बहुधा खिडकीबाहेरचा डोंगर पाहतो, इंजिन नव्हे. दोहोंची जोड हवी. वेल्समधलीच टॅलिलिन रेल्वे ही स्वयंसेवकांनी १९५१ मध्ये चालवायला घेतलेली जगातली पहिली रेल्वे. टाइविन येथे तिच्या स्थानकालाच लागून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे. उभे इंजिन न्याहाळावे आणि दाराबाहेर चालते पाहावे, अशी ही सोय आम्हाला फार पटली.

आपल्याकडची नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ ची, ६१० मिलिमीटर मापाची. तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तीव्र वळणांसाठी त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आसाला थोडे बाजूला सरकता येईल अशी रचना केलेली होती. उभ्या इंजिनात हे बाहेरून दिसत नाही. पण घाटातले वळण फळ्यावर काढून ‘तीन ताठ आसांची गाडी येथून कशी जाईल?’ असे विचारले, तर मुले त्या युक्तीच्या जवळपास स्वतःच पोहोचतात.

म्हणून आमची विनंती एवढीच, की सहलीला निघण्यापूर्वी वर्गात असे दोन-तीन प्रश्न काढावेत आणि मुलांना वहीत पाटी नव्हे, तर त्यांची उत्तरे लिहायला सांगावीत. ती चुकली तरी चालतील. आमचे डबेही आधी थांबलेच होते.