कृपेचं गाणं, पण कशातून सुटल्याचं?

आजचा विषय मराठी ख्रिस्ती उपासनेतली स्तुतिगीतं, आणि त्यातही देवाची दया आणि तारण यांबद्दल केलेली स्तुती. आम्ही इथे धर्मोपदेश करायला उभे नाही. गाणं म्हणून, कविता म्हणून ही गीतं कशी उभी राहतात, एवढंच आपण पाहणार आहोत. अर्थात या गीतांत कविता आणि श्रद्धा वेगळी काढता येत नाही, हे पुढे लक्षात येईलच.

सुरुवात एका शब्दापासून करू. वाशी, नेरूळ, पनवेल, कुठेही बाजाराच्या रस्त्याने चाला, ‘सोने तारण कर्ज’ असा एखादा फलक दिसतो. तारण म्हणजे गहाण. आणि चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका, तारणारा म्हणजे येशू. बाहेरच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते. पण गहाण पडलेली वस्तू कुणीतरी किंमत मोजून सोडवून आणतो, ही कल्पना ख्रिस्ती विचारात फार जुनी आहे. म्हणजे मराठीने नकळत एकाच शब्दात दोन्ही टोकं बांधून ठेवली. ‘उद्धार’चं नशीब इतकं चांगलं नाही. ‘साहेबांनी माझा चांगलाच उद्धार केला’ म्हटलं की कुणी हात जोडत नाही!

तर कृपेच्या गाण्याला आम्ही एकच प्रश्न विचारतो: कशातून? तू सुटलास म्हणतोस, देवाचे आभार मानतोस, तर अडकला कशात होतास? ज्या गीतात याचं उत्तर ऐकू येतं, ते गीत उभं राहतं. ज्यात ते नसतं, तिथे नुसती विशेषणं उरतात.

आपल्या भाषेत हा प्रश्न सगळ्यात आधी मोठ्या प्रमाणावर आला तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचं पुराण छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. शाळेपासून तेवढंच सांगितलं जातं. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्याच्या सुरुवातीची जागा. साष्टीतला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विनवतो की आमची पूर्वीची पुराणं बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही द्या. म्हणजे बघा, तारणाची ही कथा ज्या ओवीत गायली गेली, ती ओवी काढून घेतलेल्या ग्रंथांचीच होती. ऐकणाऱ्याच्या कानात जुना ठेका, आणि त्याच ठेक्यावर नवा देव. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होतं. दया गायली जात होती आणि बाहेर दया फार दिसत नव्हती. स्टीफन्सची भाषा गोड आहे, ‘वैकुंठ’सारखा शब्द तो स्वर्गासाठी सहज वापरतो, ऐकणाऱ्याचा मान राखतो. पण त्या ब्राह्मणाचं काय गेलं, याची दखल तो ओझरती घेतो आणि पुढे जातो. आमच्या मते त्या काव्याचा सगळ्यात हळवा आणि सगळ्यात अपुरा भाग तोच.

आता टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, आणि 1919 मध्ये ते वारले. या चोवीस वर्षांत मराठी चर्चला त्यांनी गळा दिला. त्याआधी कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींची वाट केली होती, हे विसरू नये. पण आज ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी भेटतात ते टिळकच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. हे वाक्य इतक्यांदा सांगितलं जातं की पुलाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

तुकारामाकडून त्यांनी अभंग घेतला, शेवटची नाममुद्रा घेतली (टिळकांच्या भजनांत ‘दास’ बोलतो), देवाला आई म्हणण्याची सवय घेतली. ख्रिस्ताला ते माता आणि गुरू दोन्ही करतात. पाश्चात्त्य चालीवरच्या भाषांतरित गीतात हे शक्यच नव्हतं. कृपा तिथे राजाच्या दरबारातून मिळते, इथे ती कुशीत घेते. ‘कशातून?’ या प्रश्नाला टिळकांचं उत्तरही स्पष्ट आहे: मीपणातून, विद्येच्या ताठ्यातून. ज्याने ते सोसलं, त्याचं ते खरं उत्तर आहे.

पण तुकाराम देवाशी भांडतोही. उधारी काढतो, लाज काढतो. ते भांडण उपासनेच्या पुस्तकातल्या टिळकांत फारसं ऐकू येत नाही. आम्ही सगळा दोष कवीवर टाकणार नाही. गीतसंग्रह निवडणारे सगळ्या मंडळीला एकसुरात म्हणता येईल तेच घेतात, आणि देवाशी भांडण एकसुरात होत नाही.

आणि मंडळी कोण होती? नगर, जालना भागात गावोगाव जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुतेक महार आणि मांग समाजातले. त्यांच्या तोंडी जी भजनं आली, त्यांतली पुष्कळ ब्राह्मण घरातून आलेल्या कवीची. टिळक ‘मी पापी, मी दीन’ म्हणतात तेव्हा एक अभिमानी माणूस खाली वाकतो, आणि ते वाकणं सुंदर आहे. पण ज्याला पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं की तुझा जन्मच पापाचं फळ आहे, ज्याला गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, त्याने तीच ओळ म्हटली तर? तो आधीच वाकवलेला आहे. त्याच्यासाठी कृपा म्हणजे ताठ उभं राहणं. शब्द तेच, चाल तीच, पण गाण्याचं काम नेमकं उलटं.

ही गोष्ट धर्मशास्त्राच्या भाषेत नेमकी मांडली अरविंद निर्मळ यांनी. 1981 मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या त्यांच्या भाषणापासून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची चर्चा सुरू झाली. त्यांनी पुढे अनुवादाच्या 26व्या अध्यायाकडे बोट दाखवलं. तिथे पहिल्या पिकाची टोपली घेऊन आलेल्या माणसाने आधी आपल्या पूर्वजाची हकिकत सांगायची असते: भटकणारा बाप, मिसरातली गुलामी, छळ, सुटका. आणि मग टोपली ठेवायची. म्हणजे ‘कशातून?’ हा प्रश्न आम्ही बाहेरून आणलेला नाही, उपासनेचा तो मूळचाच भाग आहे.

पंडिता रमाबाईंना हे वेगळ्या बाजूने कळलं होतं. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मुली आणल्या, केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. त्या मुलींना तारण समजावून सांगायला शब्दकोश लागत नव्हता. त्यात भाकरीही होती. बायबलचं भाषांतर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत व्हावं म्हणून रमाबाईंनी शेवटची वर्षं खर्च केली. त्या 1922 मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये आलं. त्यांचं गद्य खडबडीत आहे, टिळकांसारखं कानाला लागत नाही. पण संस्कृत शब्दाबरोबर जुना अर्थही आत येतो, ही त्यांची भीती निराधार नव्हती.

आता आपल्या शहरात येऊ. सिडको 1970ची. इथे प्रत्येकजण कुठूनतरी आलेला, आणि उपासनाही मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम, तमिळ अशा अनेक भाषांत चालते. मराठी उपासनेत आता कीबोर्ड आणि पडद्यावरचे शब्द आले, हिंदी-इंग्रजी गाण्यांची भाषांतरं आली. चाल आधीच ठरलेली असल्यामुळे ‘कृपा’तला ऱ्हस्व ‘कृ’ ताणावा लागतो आणि कानाला खटकतो. तेही चालेल. एकच ओळ दहा वेळा म्हणतात, अशी तक्रार जुनी मंडळी करतात. ती आम्हाला मान्य नाही. वारकऱ्यांना नाम दहा वेळा घेतलेलं चालतं, मग यांनाच का बोल लावायचा? आठवडाभर लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला ती ओळ धरून ठेवायला बरी वाटते.

अडचण दुसरीच आहे. स्तोत्रसंहितेतलं 136वं स्तोत्र घ्या. 26 कडवी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी देवाची दया कायम टिकते ही एकच ओळ. 26 वेळा! पण प्रत्येक वेळी तिच्याआधी काहीतरी घडलेलं आहे: पृथ्वी पसरली, समुद्र दुभंगला, रानातून वाट काढली, हीन दशेत आमची आठवण ठेवली. (मिसरातली पहिली मुलं मेली तीही याच यादीत आहेत. त्या घरांना ही दया कशी वाटली असेल, हा प्रश्न स्तोत्र विचारत नाही. आपण विचारावा.) पुढारी घटना सांगतो, मंडळी धृपद म्हणते. नव्या गाण्यांत आपण मंडळीची ओळ ठेवली आणि पुढाऱ्याची काढून टाकली.

ती ओळ भरायला सामान इथेच आहे. नगरच्या गावातून पाण्याविना निघालेली आजी, खाडीपलीकडच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली, कुटुंबातलं पहिलं शिकलेलं पोर, सुटलेली दारू, न सुटलेली दारू. मराठी ख्रिस्ती बायकांनी जात्यावर अशाच ओव्या म्हटल्या, त्यांत येशूही होता आणि सासूही. गीतसंग्रहात सासू आली नाही.

आम्ही इथे थांबतो. कुणाला आपल्या मंडळीतलं एखादं गीत म्हणून दाखवायचं असेल तर प्रश्नांच्या आधी ते ऐकू या.