विदूषकाची चूक

चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या प्रदर्शन मैदानावर कधी सेल लागतो, कधी मेळा, कधी सर्कशीचा तंबू. तिथे पाहिलेल्या एका खेळात मला सर्वांत आवडला तो विदूषक. झुल्यावरचे बाकी सगळे अचूक पकडले जात होते. हा घाबरल्यासारखा सुटला, पकडणाऱ्याच्या हातात नुसती विजार उरली आणि स्वारी जाळीत. पोरं खदखदली. पण चुकीच्या क्षणी हात सोडायचा, तर बरोबर क्षण अंगात भिनलेला असावा लागतो. कसरतीतला अभिनय तो हाच. आपल्या समीक्षेने त्याची दखल क्वचितच घेतली.

सर्कस म्हटलं की आपल्याला विष्णुपंत छत्रे आठवतात: घोडे शिकवण्यात निष्णात, कियारिनीची इटालियन सर्कस पाहून १८८० मध्ये स्वतःची उभी करणारे. दामू धोत्रे आठवतात, तेही वाघसिंहांसकट. जनावरं पुढे, माणसं मागे. कसरतीची शाळा मात्र कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी केरळात तलशेरीला काढली. मल्लखांब बाळंभटदादा देवधरांपासून आपल्या घरचा. पण त्याला आपण आधी व्यायाम म्हटलं, मग क्रीडा. इथून हाकेच्या अंतरावर, पंचकुल्याला २०२२ मध्ये झालेल्या खेलो इंडिया स्पर्धेत तो होता. गुण मिळाले, रसग्रहण कोण करणार?

१९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वलं, माकडं रिंगणाबाहेर गेली, २०११ च्या न्यायालयीन आदेशाने मुलंही. दोन्ही योग्यच झालं. आता तंबू उभा आहे तो जाणत्या माणसाच्या अंगावर. आणि नेमकं तेच सर्कसवाल्यांना उमगलेलं दिसत नाही. उडी घेण्याआधीचा तो श्वास रोखलेला क्षण, त्यावरही सिनेमाचं गाणं वाजत राहतं, निवेदक बोलत राहतो. निदान तेवढ्यापुरतं तरी कर्णा बंद करावा.

अर्थात तंबूतल्याला तिकीट तरी आहे. डोंबाऱ्याला तेही नाही. दोरावर पोर चढवण्याला माझाही विरोध आहे. पण मोठ्या माणसाने चालून दाखवलं तरी त्याची गत वेगळी नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं यांच्या पंगतीला खेळ करून दाखवणंही बसवलेलं आहे.