‘मृत’ दीर्घिका : एका शब्दाची झाडाझडती

दीर्घिकांविषयीचे मराठी लेख मी गेली पंचवीस वर्षे जमवतो आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचे. खगोलशास्त्र ग्रंथालयात बसून शिकलो. ज्या महाकाय दीर्घिकांत नवे तारे जन्मत नाहीत, त्यांना या लेखांत सर्रास ‘मृत’ म्हटलेले आढळते. व्याख्यानांतून मीही तेच म्हणत आलो. या शब्दाने आपली दिशाभूल केली, असे आता माझे मत झाले आहे.

मृत्यू म्हटला की वाढ संपली. पण सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वीच्या अशा दीर्घिका हबल दुर्बिणीतून मोजल्या, तेव्हा तेवढ्याच वस्तुमानाच्या आजच्या दीर्घिकांच्या मानाने त्या तीन ते पाच पट लहान निघाल्या. मग त्या वाढल्या कशा? नाब, योहानसन आणि ऑस्ट्रायकर यांनी २००९ साली एक साधा हिशेब मांडला. तुल्यबळ दीर्घिका एकमेकींत मिसळल्या, तर वस्तुमान दुप्पट होते आणि आकारही साधारण दुप्पटच. तेच वस्तुमान अनेक छोट्या दीर्घिका गिळून मिळवले, तर त्यांचे तारे बाहेरच्या भागात विखुरतात आणि आकार चौपटीपर्यंत जातो.

मृत्यू एकदाच येतो. हे थांबणे मात्र सतत राखावे लागते. ययाती तारकासमूहातील दीर्घिकांचा गुच्छ पाहा. तेथील मध्यवर्ती दीर्घिका एनजीसी १२७५. तिच्या भोवतीचा वायू कोट्यवधी अंश तापलेला आहे. क्ष-किरणांवाटे उष्णता गमावून तो निवला, तर ताऱ्यांचे पीक येईल. पण केंद्रातील कृष्णविवराचे झोत त्यात प्रचंड बुडबुडे फुगवतात. त्यातून उठलेल्या लहरी चंद्रा वेधशाळेच्या निरीक्षणांतून २००३ साली समोर आल्या. वायू बराचसा तापलेला राहतो. तरी थोडे तारे तेथे आजही जन्मतातच.

माझा मुख्य आक्षेप मात्र पुढचाच आहे. ‘मृत’ म्हटले की आपण एका दीर्घिकेचे चरित्र सांगू लागतो. प्रत्यक्षात कोणतीही एक दीर्घिका वाढताना कुणी पाहिलेली नाही. आपण वेगवेगळ्या काळांतल्या जमावांची तुलना करतो. तालमीत नवे उंच पैलवान दाखल झाले, तर सरासरी उंची वाढते. जुना पैलवान बोटभरही वाढलेला नसतो. उशिरा थांबलेल्या दीर्घिका मुळातच ऐसपैस असतात. त्या जमावात आल्या की सरासरी आकार फुगतो. म्हणून गिळण्याने किती वाढ झाली आणि नव्या भरतीने किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

जुन्या पैलवानाचा पुरावा त्याच ययातीत आहे. एनजीसी १२७७ ही दीर्घिका सूर्याच्या सुमारे १०० अब्ज पट वस्तुमान बाळगून, १० अब्ज वर्षांपूर्वीसारखीच आटोपशीर राहिली आहे. गुच्छातील तिच्या वेगामुळे शेजारी गिळणे बहुधा तिला जमले नाही.

मग शब्द कोणता वापरावा? ‘निवलेली’ म्हणावे, तर भोवतालचा वायू तापलेला असतो म्हणूनच बऱ्याच दीर्घिका थांबून राहतात. मी ‘थांबलेली’ म्हणतो. शब्द साधा आहे, पण पुढचे प्रश्न तो बंद करत नाही : कशाने थांबली, थांबून राहिली कशी, आणि थांबल्यावर तिचे काय झाले?

दिवाळीच्या दिवसांत रात्री ईशान्येला ययाती वर आलेला असतो. तो गुच्छ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या जुन्या टाचणांतला ‘मृत’ मात्र मला ठळक दिसतो. तो खोडायला मी बसलो आहे.