काचेमागची दुनळी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी नाटकांची, पुस्तकांची, गाण्याच्या मैफलींची परीक्षणे येतात. यंदा मी एका बंदुकीचे परीक्षण करणार आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत हा शब्द उच्चारला की जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते. त्याची कारणे आपण रोज बातम्यांत पाहतो, त्यामुळे त्या शांततेला मी नावे ठेवणार नाही. पण मी लिहितो आहे ती बंदूक वेगळी आहे. शंभर वर्षांपूर्वी इथल्या कारागिरांनी कानशीने घासून जुळवलेली, शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली, मधोमध मोडून उघडणारी छऱ्याची दुनळी. मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरण्यासाठी मी ती वापरतो. अशी बंदूक काचेच्या कपाटात जपावी की दुरुस्त करून वापरावी, यावर इथल्या शौकिनांत कायमचा वाद आहे. या वादात मी वापरणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण काही अटींवर.

थोडी ओळख करून देतो. कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावची पार्कर, न्यूयॉर्क राज्यातल्या फुल्टनची एल. सी. स्मिथ आणि फिलाडेल्फियाची फॉक्स ही अमेरिकन दुनळींमधली तीन मोठी घराणी. यंत्राने भराभर तयार होणाऱ्या बंदुकांपुढे हातजुळणीचे काम परवडेना. १९२९च्या मंदीने तर कंबरडेच मोडले. पार्करचा बंदुकांचा धंदा १९३४ साली रेमिंग्टनने घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ही परंपरा जवळजवळ संपली.  म्हणूनच संग्राहकांची त्यांच्यावर नजर असते.

संग्राहकाचे मोजमाप एकच: मूळ रंग किती टक्के उरला आहे? मधल्या पोलादी भागावर हाडांच्या कोळशात तापवून आणलेली निळी-तांबूस छटा असते. ती ऐंशी टक्के असेल तर एक भाव, वीस टक्के असेल तर दुसरा. माझा पहिला आक्षेप या मोजमापावरच आहे. हात लागला की ही छटा उडते. म्हणजे जी बंदूक कधी कुणी हाताळलीच नाही तिला सर्वांत जास्त गुण! कधीच न छेडलेल्या तानपुऱ्याला त्याच्या पॉलिशवरून उत्तम ठरवावे, तसला हा प्रकार. बंदुकीचा खरा गुण काचेतून दिसत नाही. वजन दोन हातांमध्ये कसे वाटले गेले आहे, खांद्याला लावताच नजर आपोआप पट्टीवर येते की नाही, मिटताना खळखळ न होता एकच घट्ट आवाज येतो की नाही, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कपाटात ठेवली म्हणजे वस्तू सुरक्षित राहिली, हा समजच चुकीचा आहे. एल. सी. स्मिथचे उदाहरण घ्या. तिची कळ दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेली असते. दिसायला देखणी, पण त्यासाठी लाकूड खूप कोरावे लागते आणि पट्टीच्या मागे दस्त्याला बारीक तडा जातो. ही या बंदुकीची प्रसिद्ध खोड आहे. आता तीच बंदूक भरपूर तेल घालून, नळ्या वर करून, चाळीस वर्षे उभी ठेवली की तेल ओघळत खाली येते आणि नेमक्या त्याच लाकडात मुरते. लाकूड मऊ पडते आणि तडा वाढतो. तेल शोषून काढून, आतून भक्कम चिकटवून, लाकूड पोलादाला पुन्हा नीट टेकवले तर ती बंदूक आणखी एक पिढी चालते. मूळ रंगाच्या टक्केवारीत या दुरुस्तीला किंमत नाही!

पण दुरुस्तीच्या नावाखाली जे चालते त्यातले बरेचसे मला पसंत नाही. चकचकीत काळी केलेली जुनी दुनळी दिसली की मी सावध होतो. दोन्ही नळ्या आणि मधली पट्टी कथील-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात. आधुनिक बंदुका काळ्या करताना उकळत्या क्षारांत बुडवतात. ते क्षार हा डाक खातात आणि वर्षा-दोन वर्षांत पट्टी सुटते. अशा नळ्यांना हळूहळू गंज चढवून, घासून रंग देण्याची जुनी पद्धतच योग्य. घाईने पॉलिश केले तर नक्षीच्या कडा विरतात आणि कोरलेला पक्षी साबणाच्या वडीवरच्या छापासारखा दिसतो. आपण मडके वाजवून घेतो ना, तशाच सुट्या नळ्या टांगून हलके वाजवाव्यात. घंटेसारखा नाद आला तर सांधा शाबूत असण्याची शक्यता जास्त, भदभद आवाज आला तर परत ठेवावी.

वापरायची म्हणजे जबाबदारी आली. अनेक जुन्या बंदुकांचे काडतुसाचे घर अडीच इंचांच्या आसपास असते, तर आजचे इथले नेहमीचे काडतूस पावणेतीन इंचांचे. ते आत बसते, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. म्हणून घर मोजावे, नळीची जाडी मोजून घ्यावी आणि कमी दाबाची काडतुसे वापरावीत. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्या सरसकट धोक्याच्या, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. ‘डबल गन जर्नल’मध्ये शर्मन बेल यांनी प्रत्यक्ष चाचण्या करून दाखवले, की शाबूत नळ्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त दाब सोसतात. याचा अर्थ बेधडक बार काढावा असा नव्हे. नक्षीवरून निकाल देऊ नये, तपासून द्यावा, एवढाच. १९९१पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाच्या छऱ्यांची बंदी आहे. त्याऐवजी आलेले पोलादी छरे जुन्या मऊ नळ्यांना घातक ठरतात. तिथे बिस्मथचे छरे घ्यावे लागतात, ते महाग असले तरी.

संग्राहकांची एक बाजू मला पटते. प्रत्येक दुरुस्ती थोडा पुरावा पुसते, आणि मूळपण एकदा गेले की परत आणता येत नाही. पार्करच्या ‘इन्व्हिन्सिबल’ श्रेणीच्या फक्त तीन बंदुका झाल्या. त्यांच्यावर कुणी कानस चालवू नये, त्या काचेतच शोभतात. पण फॉक्सची ‘स्टर्लिंगवर्थ’ ही नक्षी नसलेली, साध्या माणसाच्या खिशाला परवडावी म्हणून काढलेली बंदूक. कळीत मोजके भाग, झीज भरून काढणारी गोल खिटी. माझ्या मते अमेरिकन दुनळींतली ही सर्वांत शहाणी रचना. ती जपण्याचा मार्ग म्हणजे ती चालती ठेवणे. केलेले काम मात्र लिहून ठेवावे आणि विकताना सांगावे. दुरुस्त केलेली बंदूक मूळची म्हणून खपवणे ही सरळ फसवणूक आहे.

आपण खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुसून पुजतो आणि सण झाला की पुन्हा कामाला लावतो. सुताराची पटाशी असो की शिंप्याची कात्री, तिचा मान तिच्या कामातून आलेला असतो. दुनळीला मी तोच न्याय लावतो. मैदानावर ती उघडी धरून चालावे, म्हणजे रिकामी असल्याचे चारचौघांना दिसते. घरी ती कुलपात असावी आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. या बाबतीत वापरणारा आणि जपणारा यांच्यात काही फरक नाही. फरक आहे तो कारागिरीच्या भवितव्याचा. वापर थांबला की दस्ता घडवणारे, पट्टी जोडणारे, नक्षी पुन्हा उठवणारे हात रिकामे होतात. मग काचेमागची बंदूक बिघडली, तर ती दुरुस्त करणारे कुणी उरणार नाही.